नेपाळला जाताय? तिकिटावरचा मधला रकाना बघितलात का?

(एपिसोडचं शब्दांकन. बोलताना आलेले दहा-बारा 'म्हणजे' आणि 'काय ते' काढून टाकलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

विरार फास्टमध्ये लटकत ऐकत असाल तर आधी एक हात नीट पकडा. घाटकोपर मेट्रोच्या रांगेत असाल तर तुमच्याकडे भरपूर वेळ आहे, सावकाश ऐका.

गेल्या महिन्याभरात इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. 'पहिली फॉरेन ट्रिप, बजेट कमी, नेपाळ करू का?' आणि त्याच्याच मागोमाग दुसरा मेसेज, 'पण नेपाळ फॉरेनमध्ये धरतात का?' या दुसऱ्या प्रश्नावर आज बोलायचंय. हॉटेल कुठलं घ्यायचं आणि रील कुठे शूट करायची हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. पण आपण तिथे नेमके कोण असतो, पाहुणे की शेजारी की परदेशी, याची गडबड डोक्यात असली की ट्रिपमध्ये ठिकठिकाणी ठेच लागते.

उत्तर एका तिकिटाच्या बोर्डावर लिहिलेलं आहे. अन्नपूर्णा भागात ट्रेकला जायचं तर संरक्षित क्षेत्राचं परमिट काढावं लागतं. त्याचे दर तीन आहेत. नेपाळी नागरिकाला १०० नेपाळी रुपये. युरोप, अमेरिका, जपान, सगळ्या लांबच्या परदेशी लोकांना ३,०००. आणि मध्ये एक रकाना, सार्क देशांचा: १,०००. आपण त्या मधल्या रकान्यात. एव्हरेस्टकडच्या सगरमाथा राष्ट्रीय उद्यानातही तसंच, परदेशी ३,०००, सार्क १,५००. देशांतर्गत विमानाचं तिकीट काढा, तिथेही तीन भाव: नेपाळ्यांचा, भारतीयांचा आणि डॉलरवाल्यांचा. भक्तपूरच्या दरबार चौकात, पाटणमध्ये, सगळीकडे हा मधला रकाना भेटतो.

मी दोनदा गेलेय आणि दोन्ही वेळा मला वाटलं की या रकान्यात उभं राहणं ही एक वेगळीच जात आहे. घरचेही नाही, परकेही नाही.

आधी फायदे बघू, कारण ते खरंच मोठे आहेत. ३१ जुलै १९५० ला भारत आणि नेपाळमध्ये शांतता आणि मैत्रीचा करार झाला. त्यानुसार दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या देशात राहू शकतात, काम करू शकतात, धंदा करू शकतात. व्हिसा नाही. सतराशे किलोमीटरहून लांब सीमा आणि ती उघडी. कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून कुशीनगर एक्सप्रेस पकडायची, गोरखपूरला उतरायचं, शंभर एक किलोमीटर बसनं सुनौली, आणि मग पायी कमानीखालून पलीकडे. परदेशात असं चालत जायचा अनुभव आपल्यातल्या किती जणांना आहे? मला तर पहिल्यांदा कमानीच्या पलीकडे गेल्यावर मागे वळून बघावंसं वाटलं, की कुणी हाक मारतंय का, 'अहो मॅडम, शिक्का राहिला.' कुणीही हाक मारली नाही.

पण शिक्का नसला तरी ओळखपत्र लागतं, आणि इथे आपल्या मुंबईच्या मुलामुलींचं हमखास अडतं. विमानानं जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, या दोन्हीपैकी एक हवंच. आधार चालत नाही. पंधरा वर्षांखालचे आणि पासष्टच्या वरचे यांना सूट आहे, म्हणजे तुमची आजी आधारवर जाईल आणि तुम्ही विमानतळावर उभे. पॅन नाही, लायसन्स नाही, मोबाइलमधला फोटो तर नाहीच. बाईक घेऊन जाणाऱ्यांसाठी अजून एक शब्द लक्षात ठेवा: 'भन्सार'. ते जेवणघर नाही, ती कस्टम चौकी. जेवणघर म्हणजे 'भान्सा'. गाडीचा रोजचा कर भरून कागद घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता भाषा. आपल्या लोकांचा सगळ्यात जास्त आत्मविश्वास इथेच असतो, कारण लिपी तीच. काठमांडूत उतरल्यावर दुकानांच्या पाट्या तुम्ही फाडफाड वाचता. जपानला गेलेला माणूस जसा पाटीकडे बघत बसतो तसं होत नाही. 'बाटो' म्हणजे रस्ता, आपली वाटच. 'तातो पानी' म्हणजे तापलेलं पाणी. पण वाचता येतं म्हणून कळतंच असं नाही. ट्रेकवरच्या लॉजमध्ये दीदी वाढताना विचारते, 'मीठो छ?' आपला मराठी माणूस लगेच, 'नाही नाही, मीठ बरोबर आहे.' ती बिचारी विचारतेय चविष्ट झालंय का! 'मीठो' म्हणजे चवदार. मिठाला तिथे 'नुन' म्हणतात. आणि दालभात संपत आला की परत वाढतात, परत परत वाढतात, थांबवायचं असेल तर 'पुग्यो' म्हणायचं. पुरे. आमच्या ग्रुपमधल्या एकाला हा शब्द चौथ्या वाढीनंतर कळला.

कोकणातल्या लोकांसाठी एक खास सूचना. तिथल्या चटणीत, लोणच्यात 'टिम्मुर' घालतात. दाण्याचा वास घेतलात की तुम्हाला आजीच्या हातची बांगड्याची आमटी आठवेल, कारण आपलं तिरफळ आणि त्यांचं टिम्मुर एकाच कुळातलं. एक समुद्राकाठच्या रानातलं, एक हिमालयाच्या उतारावरचं. जीभ तशीच बधिर करतं.

हं, घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. आणि आठवड्याची सुट्टी शनिवारी असते, सरकारी काम शनिवारवर ठेवू नका.

पैशाचं जरा नीट सांगते, कारण इथे मधल्या रकान्याची दुसरी बाजू दिसायला लागते. १९९३ पासून भाव पक्का आहे: आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. बाजारात भाव विचारलात की समोरून प्रश्न येतो, 'आयसी की एनसी?' इंडियन करन्सी की नेपाली करन्सी. हे आधी विचारून घ्या, नाहीतर १०० ला १६० चा फरक खिशातून जातो. आपल्या नोटा चालतात, पण कुठल्या? डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळनं १०० पेक्षा मोठ्या भारतीय नोटा बंद केल्या. यात मध्ये मध्ये सवलतींच्या घोषणा होतात, त्यामुळे निघायच्या आठवड्यात ताजा नियम बघून घ्या आणि काही झालं तरी शंभरच्या नोटांचा एक गठ्ठा जवळ असू द्या. २०२४ पासून बऱ्याच दुकानांत फोनपेचा क्यूआर स्कॅन करून आपल्या यूपीआयनं पैसे देता येतात. फोनपे हे तिथल्या कंपनीचं नाव, आपल्या जांभळ्या ॲपशी गोंधळ नको. पण नेट असेल तरच, आणि डोंगरात नेट नसतंच.

तर मी पहिल्यांदा गेले तेव्हा पोखऱ्यात एका दुकानदाराला विचारलं, 'भाऊ, आमच्या मोठ्या नोटांवर एवढा राग का?' तो हसला आणि म्हणाला, तुमची नोटबंदी झाली तेव्हा आमच्या घराघरांत तुमच्या नोटा होत्या. त्या बदलून कोण देणार होतं? मी गप्प. आठ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आपण एटीएमच्या रांगांनी आठवतो. सीमेपलीकडच्या माणसाच्या ट्रंकेत त्याच रात्री पाचशेच्या नोटा होत्या, हे आपल्या डोक्यात कधी आलेलंच नसतं. नेपाळच्या राष्ट्र बँकेकडेही जुन्या नोटा पडून राहिल्या.

आणि मग समुद्राचं. शाळेत भूगोलात 'भूवेष्टित देश' असा शब्द होता, आठवतोय? एका मार्काचा प्रश्न. चारही बाजूंनी जमीन, समुद्रकिनारा नाही. आपण मुंबईकर हा शब्द वाचतो आणि विसरतो, कारण आपल्याला समुद्र नसणं म्हणजे काय हे कळायचं कारणच नाही. ज्याला पश्चिमेला जायचं त्याला वर्सोवा, गोराई, सगळं आहे. नेपाळमध्ये जहाजानं येणारी बहुतेक प्रत्येक गोष्ट, मशीन असो की गाडीचा सुटा भाग, आपल्या बंदरात उतरते. प्रामुख्यानं कोलकात्याला. तिथून रक्सौलपर्यंत रेल्वेनं साधारण सातशे किलोमीटर, मग बीरगंज, मग डोंगर. पेट्रोल-डिझेल तर आपल्याकडूनच जातं. २०१९ मध्ये बिहारच्या मोतीहारीहून नेपाळच्या अमलेखगंजपर्यंत पाइपलाइन झाली, त्याआधी सगळं टँकरनं.

आता २०१५ बघा. २५ एप्रिलला भूकंप झाला, ७.८ तीव्रतेचा, जवळपास नऊ हजार माणसं गेली. आपल्याकडून मदतीची विमानं लगेच गेली, हे तिथले लोक आजही सांगतात. पण त्याच वर्षी २० सप्टेंबरला त्यांचं नवं संविधान जाहीर झालं, तराईतल्या मधेशी लोकांचं आंदोलन पेटलं आणि सीमेवरचे ट्रक थांबले. भारत सरकारचं म्हणणं होतं की आम्ही काही अडवलेलं नाही, पलीकडच्या आंदोलनामुळे ट्रक जात नाहीत. नेपाळमधल्या बहुतेकांचं म्हणणं होतं की ही नाकाबंदी आहे आणि ती भारतानं केलीय. दिल्लीत बसून याच्यावर दोन तास चर्चा करता येईल. मी सांगते ते स्वयंपाकघरातलं. पुढचे साडेचार-पाच महिने, हिवाळ्यात, भूकंपानं घर पडलेल्या लोकांकडे गॅस नव्हता. काठमांडूत लोक लाकडं जाळून भात शिजवत होते. पेट्रोल पंपावर रात्रभर गाड्यांच्या रांगा.

तुम्ही ज्या होमस्टेमध्ये राहाल तिथल्या काकूंना हे सगळं आठवतंय. त्या तुम्हाला बोलून दाखवणार नाहीत, चहा देतील, दालभात वाढतील. पण ग्रुपमधला कुणीतरी, आणि असा एक प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच, जेवताना म्हणतो, 'अरे हे तर इंडियाच आहे, फक्त बोर्ड वेगळा.' त्याला ते कौतुक वाटतं. समोरच्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते एकदा बघा.

दुसरं असंच वाक्य, 'बुद्ध आमचे.' लुंबिनी नेपाळमध्ये आहे. ट्रकच्या मागे, टी-शर्टवर, स्टिकरवर तिथे लिहिलेलं असतं की बुद्धांचा जन्म नेपाळमध्ये झाला. ते स्टिकर कुणासाठी आहे? आपल्यासाठीच. सम्राट अशोकाचा स्तंभ तिथे उभा आहे, त्यावर इथे बुद्ध जन्मले असं कोरलेलं आहे, भांडणाला जागाच नाही.

आणि आपल्याकडून लुंबिनीला जाणारे लोक काही कमी नाहीत. घाटकोपर, विक्रोळी, मुलुंडच्या वस्त्यांतून दरवर्षी बौद्ध यात्रेच्या बसेस निघतात: सारनाथ, बोधगया, कुशीनगर, लुंबिनी. त्यातल्या बऱ्याच आज्यांची आयुष्यातली ती एकमेव परदेशवारी असते. त्यांना जाऊन विचारा नेपाळ फॉरेनमध्ये येतं का. बाबासाहेबांचंही बघा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा, आणि पुढच्याच महिन्यात ते काठमांडूला होते, जागतिक बौद्ध परिषदेसाठी. तब्येत अतिशय खालावलेली. तिथे २० नोव्हेंबरला ते बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. ६ डिसेंबरला ते गेले. नागपूरची तारीख आपल्याला पाठ असते, काठमांडूची नसते.

बरं, आता जरा कडक बोलणार आहे. डोंगराचं.

आपल्या महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. काठमांडू शहरच साधारण १,४०० मीटरवर वसलंय. म्हणजे कळसूबाईच्या खांद्यावर बसून लोक ट्रॅफिकमध्ये हॉर्न वाजवतायत. आपण रविवारी सकाळी कर्जत लोकल पकडून राजमाची करतो आणि आपल्याला वाटतं आपण ट्रेकर. फिटनेस असेल, नाही असं नाही. पण उंची फिटनेसला विचारत नाही. एव्हरेस्ट बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे. साधारण तीन हजार मीटरच्या वर गेलात की रोजची झोपायची जागा फार तर पाचशे मीटरनं वाढवायची, मध्ये एखादा दिवस थांबायचं. डोकं दुखतंय, मळमळतंय, भूक मेलीय, तर वर जायचं नाही. वाढलं तर खाली उतरायचं. कुठली गोळी घ्यायची ते डॉक्टरला विचारा, ग्रुप लीडरला नाही.

ट्रेकर्सपेक्षा मला भीती मुक्तिनाथला जाणाऱ्या आई-बाबांची वाटते. बोरिवलीहून, डोंबिवलीहून यात्रा कंपन्यांच्या ट्रिपा जातात, त्यात पशुपतिनाथ, पोखरा, मुक्तिनाथ. पोखरा आठशे-साडेआठशे मीटर. मुक्तिनाथ ३,७०० च्या वर. जीपनं किंवा विमानानं एका दिवसात तिथे पोचवतात. बीपीची गोळी चालू असलेल्या सत्तरीतल्या माणसाला एका दिवसात तीन हजार मीटर वर नेणं म्हणजे काय, हे माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. तुमचे आई-बाबा जाणार असतील तर विचारा: मध्ये रात्र कुठे? जोमसोमला की थेट? ऑक्सिजन गाडीत आहे का? आणि इन्शुरन्स किती मीटरपर्यंत? बऱ्याच पॉलिसींमध्ये ठरावीक उंचीच्या वरचं काहीच धरत नाहीत, आणि हेलिकॉप्टरचं बिल आलं की ते डॉलरमध्ये येतं.

रस्ते आणि विमानं यांबद्दल बोलल्याशिवाय हा एपिसोड संपवणं मला बरोबर वाटत नाही. २९ मे २०२२ ला पोखऱ्याहून जोमसोमला निघालेलं छोटं विमान डोंगरावर आदळलं, त्यातले सगळे बावीस जण गेले. त्यात चार जण ठाण्याच्या एका कुटुंबातले होते. युरोपीय संघानं २०१३ मध्येच नेपाळच्या विमान कंपन्यांना आपल्या आकाशात बंदी घातली होती. २३ ऑगस्ट २०२४ ला पोखऱ्याहून काठमांडूकडे जाणारी यात्रेची बस तनहुं जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. जळगाव जिल्ह्यातले, वरणगाव-भुसावळकडचे भाविक. सत्तावीस मृत्यू. वायुदलाच्या विमानानं मृतदेह जळगावला आणले.

हे घाबरवायला सांगत नाहीये. पोखरा-काठमांडू रस्ता जेमतेम दोनशे किलोमीटर आहे, आपण मुंबई-नाशिकच्या हिशोबानं चार तास धरतो. तिथे रुंदीकरण चालू असताना आठ-दहा तास सहज लागतात. पावसाळ्यात दरडी. १२ जुलै २०२४ ला सिमलतालजवळ दरडीनं दोन बस त्रिशूली नदीत ढकलल्या, साठहून अधिक माणसं बेपत्ता. आपल्याकडे जून ते सप्टेंबर तिकिटं स्वस्त म्हणून मुलं तेव्हा जातात. नका जाऊ. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल. आणि रात्रीची बस कितीही स्वस्त असली तरी नको, दिवसाची घ्या, हॉटेलची एक रात्र जास्त लागली तर लागली.

२०२५ चा सप्टेंबर तर तुम्हाला आठवत असेल, कारण त्याच्या रील सगळ्यांच्या फोनवर होत्या. ४ तारखेला तिथल्या सरकारनं फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, व्हॉट्सॲपसकट २६ प्लॅटफॉर्म बंद केले. ८ तारखेला तुमच्याच वयाची मुलं रस्त्यावर आली, काही तर शाळेच्या गणवेशात. गोळीबार झाला, पहिल्याच दिवशी एकोणीस जण गेले. ९ ला पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, संसद आणि सिंहदरबार पेटले, विमानतळ बंद झाला. नंतर मुलांनी पुढचं सरकार कोण चालवणार याची चर्चा डिस्कॉर्डवर केली आणि १२ तारखेला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या.

त्या दोन दिवसांत महाराष्ट्रातले बरेच पर्यटक काठमांडूच्या हॉटेलांत अडकले होते. तेव्हा त्यांना कळलं की नेपाळ फॉरेनमध्ये धरतात. आपला नंबर चालत नाही, १०० ला फोन केला तर आपला पोलीस येत नाही, वकिलातीचा नंबर शोधायचा आणि नेट बंद. म्हणून निघण्याआधी भारतीय दूतावासाचा नंबर कागदावर लिहून घ्या. कागदावर. दूतावास काठमांडूत लैनचौरला आहे. पोचल्या दिवशी तिथलं सिम घ्या, नेपाल टेलिकॉम किंवा एनसेल. डोंगरात जायचं असेल तर वाटेवर कोण चालतं ते विचारून घ्या. आणि १ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकर्सना परवानाधारक गाइड घेण्याचा नियम आहे. तो सगळीकडे सारखा पाळला जातो असं नाही, पण गाइड घ्या. हवा बिघडली की हा माणूस लागतो.

बऱ्याच जणांनी भूतानचं विचारलंय. थोडक्यात: तिथेही आपण मधल्याच रकान्यात, पण बिल वेगळं. परवाना लागतो, आणि माणशी रात्रीला १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क. इतर परदेशी लोकांना १०० डॉलर. आठ दिवस, चार मित्र, गुणाकार करा आणि मग ठरवा. त्यावर वेगळा एपिसोड करू.

आता तो विषय, ज्यासाठी खरं तर हा एपिसोड केला.

उपनगरात राहणाऱ्या आपल्या सगळ्यांना नेपाळ आधी भेटतं ते गेटवर. रात्री दीडला ओला-उबर थांबते, कुणीतरी उठून गेट उघडतं. चायनीजच्या गाडीवर, मोमोच्या स्टॉलवर भेटतं. आणि आपण त्याला हाक काय मारतो? 'बहादूर.' तीन वेगवेगळी माणसं, तिघांनाही बहादूर. नेपाळमध्ये बहादुर हे बऱ्याच पुरुषांच्या नावात मधे येतं, पण म्हणून ते सगळ्यांचं नाव नाही. तुम्हाला बंगळुरूत सगळे 'ए पाटील' म्हणाले तर? वॉचमनला आपल्याकडे पूर्वी सरळ 'गुरखा' म्हणायचे, तो तर एका जिल्ह्याच्या नावावरून आलेला शब्द.

तिथे अनोळखी माणसाला काय म्हणतात? 'दाइ', मोठा भाऊ. लहान असेल तर 'भाइ'. बाईला 'दिदी' किंवा 'बहिनी'. आपल्या मराठीत दाई म्हणजे सुईण, त्यामुळे पहिले दोन दिवस हसू येतं, मग सवय होते. आणि मानानं बोलायचं तर 'तपाईं'. ते आपल्या तुम्ही-आपण सारखंच आहे, आपल्याला शिकायला पाच मिनिटं लागतात.

आमच्या सोसायटीत रात्रपाळीला एक जण आहेत, अछाम जिल्ह्यातले. नेपाळच्या अगदी पश्चिमेचा डोंगराळ भाग: अछाम, डोटी, बझांग, बाजुरा. मुंबईत कामाला येणारे बरेच जण तिथलेच. मी पोखऱ्याहून आल्यावर त्यांना फोटो दाखवले, फेवा तलाव, माछापुच्छ्रे. त्यांनी एकेक फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, 'मी कधी गेलो नाही.' मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं. गावी जायचं तर मुंबईहून लखनौ, तिथून बस, गौरीफंटाची सीमा, धनगढी, मग पुन्हा डोंगरातली बस, मग चालत. सुट्टी वीस दिवस, त्यातले सहा-सात प्रवासात. पोखरा दुसऱ्याच दिशेला. पर्यटन कोण करणार? गोराईचा समुद्र मात्र त्यांनी दहा वेळा बघितलाय. पहिल्यांदा बघितला तेव्हा पाणी चाखून बघितलं होतं, खरंच खारट आहे का म्हणून.

जुन्या नेपाळी बोलीत भारतासाठी एक शब्द आहे, 'मुगलान'. मुघलांचा मुलूख. कामासाठी खाली उतरून गेलेला माणूस मुगलानात गेला असं म्हणायचे. आणि त्या मुगलानात येताना त्यांनाही व्हिसा लागत नाही, त्याच १९५० च्या करारामुळे. म्हणजे तेही आपल्याकडे मधल्याच रकान्यात उभे आहेत. फक्त आपण तिथे १,००० चं परमिट काढून आठ दिवस राहतो आणि ते इथे वीस-वीस वर्षं राहतात. खोली भाड्यानं घेताना, बँकेत खातं उघडताना, मुलाचं शाळेत नाव घालताना रोज त्यांना तोच प्रश्न, 'तुम्ही इथले का?' आपल्याला तो प्रश्न फक्त तिकीट खिडकीवर येतो.

दसऱ्याला ते गावी जातात. दशैं. घटस्थापनेला धान्य पेरतात, दहाव्या दिवशी त्याचे पिवळे कोंब, 'जमरा', मोठी माणसं कपाळाला टिका लावून लहानांच्या कानामागे खोचतात. आपल्या गावाकडेही घटाचं उगवलेलं रोप टोपीत, कानावर खोचतात. मुंबईत आपल्याला ते बघायला मिळत नाही. त्यामुळे मुलुंडला तुमच्या बिल्डिंगच्या गेटवर ऑक्टोबरमध्ये नवा, बदली माणूस दिसला तर समजा नेहमीचे दाइ बहुतेक कुठल्या तरी बसमध्ये आहेत.

आणि एक गंमत राहिली, शाळिग्राम. आपल्या बऱ्याच देवघरांत आहे, तुळशीच्या लग्नाला लागतो. तो काळा गुळगुळीत दगड मुक्तिनाथच्या खालच्या काली गंडकी नदीत सापडतो. आत जे चक्र दिसतं ते अमोनाइट नावाच्या सागरी प्राण्याचं जीवाश्म, सुमारे १४ ते १६ कोटी वर्षांपूर्वीचं. हिमालय वर यायच्या आधी तिथे टेथिस समुद्र होता. आईला सांगितलं तर ती म्हणाली, 'मग काय, देव आहे तो, त्याला कुठेही राहता येतं.' मी वाद घातला नाही.

तुमचे प्रश्न पाठवा. बाईकनं जाऊन आलेल्या कुणी भन्सारचा ताजा दर आणि रांग किती असते ते लिहिलंत तर पुढच्या भागात वाचून दाखवेन. आणि रात्री घरी पोचाल तेव्हा गेटवरच्या दाइंना विचारून बघा, 'सन्चै हुनुहुन्छ?' बरे आहात ना. उच्चार चुकला तर ते सुधारतील.